वैद्याची मनोव्यथा आणि चतुष्पाद

रुग्णाच्या शरीराचा व मनाचा विचार आपण नित्य करतो. चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या मनाचा विचार मात्र क्वचितच होतो. या विषयात दोन अवस्था वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे.

पहिली 'बर्नआऊट'. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (२०१९) तिची गणना व्याधीत न करता व्यवसायजन्य स्थितीत केली आहे. कमालीचा थकवा, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची तीन लक्षणे होत.

दुसरी अवस्था नैतिक क्लेशाची. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी परिचारिकांच्या संदर्भात ती मांडली. योग्य काय ते ठाऊक असते, परंतु संस्थेच्या मर्यादांमुळे ते करता येत नाही. २०२० व २०२१ मध्ये कोविड केंद्रांत सेवा केलेल्या आपल्या अनेक वैद्यबंधू-भगिनींना खाटा व प्राणवायू अपुरे पडताना हा अनुभव आला. थकवा विश्रांतीने कमी होतो. हा क्लेश केवळ विश्रांतीने जात नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांत वैद्य प्रधान खरा. परंतु द्रव्य नसेल, उपस्थाता नसेल, तर त्या अपयशाचा सारा भार एकट्या वैद्याने वाहणे शास्त्रसंमत नाही. त्याच अध्यायात वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत उपेक्षाही येते. टीकाकारांच्या मते ती मरणोन्मुख रुग्णाविषयीची अलिप्तता होय. साधनांअभावी दगावलेल्या साध्य व्याधीच्या रुग्णास ती लागू पडत नाही. बर्नआऊटमधील कोरडेपणाला उपेक्षा समजणे म्हणूनच घातक ठरते. त्यात वैद्याचे मन बधिर होते आणि उणीव तशीच राहते.

चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन. प्रत्येक दुःखद प्रसंगानंतर सहकाऱ्यांनी एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा : व्याधी असाध्य होता, की साधने नव्हती? साधने नसतील तर कोणता पाद उणा होता ते लिहून संस्थाचालकांकडे द्यावे. हे निवेदन सामूहिक असावे. एकट्या कनिष्ठ वैद्यावर ते सोपवू नये. निद्रानाश वा नैराश्य टिकून राहिल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

संघटनेच्या शाखांनी आपल्या सभांमध्ये या प्रश्नास स्थान द्यावे, असे आम्हास वाटते. वैद्याचे मन हेही चिकित्सेचे साधन आहे. त्याचे रक्षण हे रुग्णाचेच रक्षण होय.