तिथीचा वाद आणि एक पंगत

2024 साली पाश्चात्य मंडळ्यांचा ईस्टर 31 मार्चला आला आणि यहुदी वल्हांडण लागला 22 एप्रिलच्या संध्याकाळी. शुभवर्तमानांनुसार येशूला वधस्तंभावर खिळले ते वल्हांडणाच्याच दिवसांत. इथे तर पुनरुत्थान तीन आठवडे आधीच साजरे झाले. कारण साधे होते. आपल्या अधिक महिन्यासारखाच हिब्रू पंचांगातही एकोणीस वर्षांत सातदा जादा महिना येतो, आणि त्या वर्षी तो आला होता. चर्चचे गणित मात्र वेगळे. ही फारकत एका रात्रीत झालेली नाही.

दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या मंडळ्या हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या, म्हणजे वल्हांडणाच्या तिथीलाच सण पाळत, मग वार कोणताही असो. रोमला ही तिथी मान्य नव्हती. इ.स. 155 च्या सुमारास स्मुर्ण्याचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी बोलले. दोघांपैकी कोणीही आपली रीत सोडली नाही. तरीही अनिसेटस यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला आणि दोघांनी सलोख्याने एकमेकांचा निरोप घेतला.

पुढची पिढी इतकी सबुरीची नव्हती. 190 च्या आसपास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशियातल्या मंडळ्यांना वाळीत टाकण्याचा घाट घातला. तेव्हा लिऑनचे बिशप इरेनियस यांनी त्यांना पॉलिकार्प-अनिसेटस भेटीचीच आठवण करून दिली. 325 साली निकायाच्या परिषदेने सर्वांनी ईस्टर एकाच दिवशी आणि यहुदी गणनेवर न विसंबता पाळावा, असे ठरवले. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पत्रात यहुद्यांविषयीचा तिटकारा उघड दिसतो. भाविकांचे पाय मात्र सभास्थानाकडे वळतच राहिले. 386-87 मध्ये अंत्युखियात धर्मगुरू जॉन क्रिसोस्टोम यांनी यहुदी सणाचे कर्णे ऐकायला आणि यहुद्यांचे उपास धरायला जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर प्रवचनांतून जहरी आसूड ओढले. इथिओपियात तर 1450 च्या परिषदेने यहुद्यांचा शब्बाथ असलेला शनिवार आणि रविवार दोन्ही पवित्र मानले.

विसाव्या शतकात अमेरिकेत हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांनी उलटे टोक गाठले. त्यांच्या वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉडमध्ये नाताळ आणि ईस्टर वर्ज्य. वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण, मंडपांचा सण अनिवार्य. मंडपांच्या सणाला कुटुंबेच्या कुटुंबे आठवडाभर घराबाहेर मुक्कामाला जात आणि त्या खर्चासाठी मंडळीला द्यायच्या दशांशाखेरीज मिळकतीचा दुसरा दशांश वर्षभर बाजूला ठेवत. आर्मस्ट्राँग 1986 मध्ये वारले. 1994 च्या अखेरीस त्यांच्या वारसदाराने ही सक्ती उठवली आणि मंडळी फुटली. सण पाळू इच्छिणाऱ्यांनी 1995 मध्ये युनायटेड चर्च ऑफ गॉड स्थापन केले.

2025 मध्ये, निकायाच्या परिषदेला 1700 वर्षे होताना, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स आणि पाश्चात्य मंडळ्यांचा ईस्टर 20 एप्रिलला एकत्र आला. पण तो गणिताचा योग होता, समेट नव्हे. वल्हांडण पाळणे हा दोष नाही आणि न पाळणे हे पापही नाही. तिथी ही तारणाची अट केली, की मंडळ्या फुटतात. तिथीवरून दुसऱ्याचा द्वेष केला, की त्याची किंमत यहुद्यांना मोजावी लागते. या साऱ्या इतिहासात शहाणपणाचा निवाडा एकच झाला, तो अनिसेटस आणि पॉलिकार्प यांचा: तिथी ज्याची त्याची, पंगत एक.