बॅकपॅक, एसटी आणि १८-५५

खिशात मोजके पैसे, गळ्यात सेकंड हँड कॅमेरा आणि डोक्यात सबमिशनची डेडलाइन... स्टुडंट फोटोग्राफरच्या भटकंतीत फोटोंपेक्षा जास्त काय काय सापडतं!

ट्रॅव्हल फोटोग्राफर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तोफेएवढी लेन्स, सतराशे साठ खिशांचं जॅकेट आणि दिमतीला जीप. मास कॉमला असताना माझ्याकडे काय होतं? एका सीनिअरकडून हप्त्यांवर घेतलेला डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आणि एसटीचं तिकीट. बस्स! २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक वीकएंडला मी या सरंजामासह घराबाहेर असायचे. ‘एकटीच का?’ हा प्रश्न रिक्षास्टँडपासून लॉजच्या काउंटरपर्यंत सगळीकडे. गंमत म्हणजे गळ्यात कॅमेरा दिसला की प्रश्न बदलायचा, ‘पेपरातून आलात का?’ होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला फोटोजर्नलिस्ट. १९४०च्या दशकात साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत वावरत होत्या, तेव्हा त्यांना काय काय विचारलं गेलं असेल, कोण जाणे!

फ्लॅश बंद!

पहिली मोठी ट्रिप अजिंठ्याची. जळगावला उतरायचं, तिथून एसटीनं फर्दापूर फाटा आणि मग लेण्यांकडे जाणारी बस. पहिल्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख. फ्लॅशला बंदी, परवानगीशिवाय ट्रायपॉडही नाही. आणि असायलाच हवी ही बंदी. दीड हजार वर्षं टिकलेले रंग आपल्या अल्बमसाठी कशाला पणाला लावायचे?

मग काय, आयएसओ १६००, शटर स्पीड एक दशांश सेकंद, कोपरं बरगड्यांत रुतवायची, श्वास हळूच सोडायचा आणि क्लिक. दहातले आठ फोटो हललेले. पण डोळे अंधाराला सरावायची वाट बघत उभं राहिलं की पद्मपाणी हळूहळू भिंतीतून बाहेर येतो. ती दहा मिनिटं कुठल्याही कॅमेऱ्यात मावत नाहीत. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं इथं चित्रांच्या नकला करत बसला होता. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. हे कळल्यावर माझ्या आठ हललेल्या फोटोंचं दुःख एकदम किरकोळ झालं.

लेन्स छोटी, फ्लेमिंगो लांब

भिगवणची तऱ्हा वेगळी. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटरवर उजनी धरणाचं बॅकवॉटर. हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्या मागोमाग फोटोग्राफर! पहाटे कुंभारगावात पोचले तर होडीतल्या बाकीच्या चौघांकडे हे एवढाले टेलिफोटो. माझ्या ५५ मिलिमीटरमधून फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपका.

मग मी पक्ष्यांचा नाद सोडला आणि होडीवाल्या काकांकडे वळले. मासेमारी करता करता ते पक्ष्यांचे गाइड झालेले. वल्हं मारताना त्यांनी सहज पाण्याकडे बोट दाखवलं, ‘आमचं जुनं गाव इथं खाली हाय.’ उजनीचं धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं आणि कित्येक गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर तर अजूनही पाणी ओसरलं की वर दिसतं. ‘दिसभर फोटो काढत्यात लोकं,’ काका म्हणाले, ‘पर समदे वर बघूनच.’

त्या दिवशीचा माझा सगळ्यात आवडता फोटो म्हणजे वल्ह्यावरचे त्यांचे हात आणि मागे क्षितिजावर एक अस्पष्ट गुलाबी रेघ. महागडी लेन्स असती तर मीही वरच बघत बसले असते!

‘तोंडाचा नगं’

पण खरी परीक्षा झाली वारीत. जुलै २०१८. कॉलेजचा फोटो-स्टोरीचा प्रोजेक्ट होता. शिवाय एका स्पर्धेतही तेच फोटो पाठवायचे होते. बक्षिसाच्या पैशांत ५०ची प्राइम लेन्स आली असती. पुण्याहून सासवडचा लांबलचक टप्पा मी एका दिंडीबरोबर चालले. दिवेघाटात तर वारकऱ्यांइतकेच फोटोग्राफर! प्रत्येक दरडीवर एकेक लेन्स.

संध्याकाळी सासवडला राहुटीत एक आजी पाय पसरून बसल्या होत्या. तळव्यांना फोड आलेले, एक फुटलेला. दिवसभर त्या माझ्या पुढे झपाझप चालत होत्या, कुरकुर नाही की काही नाही. मी विचारलं, ‘माउली, फोटो काढू?’

‘काढ की माय. पायाचा काढ, तोंडाचा नगं.’

का, म्हटल्यावर हसल्या. ‘लेकानं पेपरात बघितलं तर फुडल्या साली धाडायचा न्हाई.’

मी पायांचे फोटो काढले. तेवढ्यात राहुटीच्या फटीतून तिरपं ऊन आलं आणि थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. सुरकुत्या, बुक्का, थकलेले तरी हसरे डोळे आणि खाली ते तळवे. परफेक्ट फ्रेम! माझं बोट शटरवरच होतं. त्या दुसरीकडे बघत होत्या, त्यांना कळलंही नसतं. पण फोटो छापून आला असता तर त्यांची पुढची वारी गेली असती. माझी लेन्स की त्यांची वारी? मी कॅमेरा मांडीवर ठेवला.

प्रोजेक्टच्या वेळी प्रश्न आलाच, ‘पाय छान आहेत, पण माणूस कुठाय?’ स्पर्धेतही काही हाती लागलं नाही. राग आला, खोटं कशाला बोलू! दिंडीप्रमुखांना मात्र मी बाकीच्यांच्या फोटोंचे प्रिंट पोस्टानं पाठवून दिले. पुढच्या वर्षी पालखी निघाल्यावर त्यांचा फोन आला. ‘तुमची ती माउली आली बरं का यंदा!’ त्या दिवशी ऑफिसमध्ये उगाचच सगळ्यांना कॉफी पाजली.

फोटो कुणाचा?

‘अफगाण गर्ल’ आठवतेय? हिरव्या डोळ्यांची? स्टीव्ह मॅकरीनं तो फोटो १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढला. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या कव्हरवर तो झळकला आणि जगभर पोचला. शरबत गुला हे तिचं नाव मात्र जगाला कळलं २००२ मध्ये, तिला शोधून काढल्यावर. तोवर तिनं स्वतःचा तो फोटो पाहिलाच नव्हता! जगानं पाहिला, तिनं नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ट्रिपवरून आपण शेकडो चेहरे घेऊन येतो. चहावाला, भाजीवाली, ‘क्यूट’ पोरं... त्यातल्या किती जणांना तो फोटो परत दाखवतो?

निघण्यापूर्वी...

- पावसात कॅमेऱ्याला हॉटेलातली शॉवर कॅप घाला. मस्त बसते आणि फुकट असते. घरी आल्यावर सिलिका जेलची पुडी बॅगेत टाका, नाहीतर लेन्सला बुरशी लागलीच म्हणून समजा.
- अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. सुट्टी टाकण्याआधी वार बघा!
- पहिली जास्तीची लेन्स घ्यायची तर ५० एफ १.८ घ्या. खिशाला परवडते, कमी उजेडात चालते आणि माणसाच्या जवळ जायला भाग पाडते.
- चेहऱ्याचा फोटो काढण्याआधी विचारा. भाषा येत नसेल तर कॅमेरा दाखवून मान हलवा, समोरच्याला कळतं. ‘नाही’ म्हणाले तर ‘नाही’. फोटो काढलात तर स्क्रीनवर दाखवा.
- आणि शक्य झालं तर प्रिंट पाठवा. चार बाय सहाच्या प्रिंटला एका कॉफीपेक्षा कमी पैसे पडतात. पत्ता मागायला मात्र थोडं धाडस लागतं!