फीचर्सची यादी आणि रस्त्यावरची नजर
गाडी घेताना : भाग ६

मागच्या भागात पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक यांचा हिशेब मांडला. इंधन ठरलं की शोरूममध्ये पुढचा प्रश्न हमखास येतो : व्हेरिएंट कोणतं? बेस आणि टॉप मॉडेलच्या किमतीत बऱ्याचदा लाखांचा फरक असतो आणि त्यासाठी फीचर्सची भलीमोठी यादी पुढे केली जाते. ती वाचताना एक कसोटी हाताशी ठेवावी, असं मला ठामपणे वाटतं. गाडी चालू असताना हे फीचर चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर राहू देतं का? ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. दोन सेकंद नजर हटली, की पन्नासहून जास्त मीटर न बघताच कापले जातात.

टचस्क्रीन

नकाशा आणि मागचा कॅमेरा दाखवायला मोठी स्क्रीन उत्तमच. पण एसी, पंखा, काचेवरची वाफ घालवण्याची सोय हे सगळं तिच्या पोटात गेलं, की अडचण सुरू होते. भर पावसात ताम्हिणी घाट चढताना समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा न बघता बोटाला सापडेल असं बटणच हवं असतं. स्क्रीन सपाट असते. बोट कुठे टेकतंय हे बघावंच लागतं आणि तेवढ्यात खड्डा आला, तर ते भलतीकडेच पडतं.

स्वीडनच्या ‘वी बिलॅगारे’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने याची चाचणी घेतली. तापमान बदलणं, रेडिओचं स्टेशन लावणं अशी नेहमीची कामं चालकांना दिली होती. २००५ सालच्या, बटणं असलेल्या व्होल्वो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटरमध्ये उरकली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या टचस्क्रीनच्या गाडीत जवळपास ४५ सेकंद गेले आणि तेवढ्यात गाडीने १,३०० मीटरहून जास्त अंतर कापलं. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनसीएपीनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांसाठी खरी बटणं किंवा दांडे असण्याला गुणांमध्ये महत्त्व दिलं आहे.

टायरचा दाब

टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी टीपीएमएस यंत्रणा यादीत कुठेतरी खाली असते. माझ्या लेखी तिचं स्थान पहिल्या पाचांत आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यातून उष्णता वाढत जाते आणि टायर फुटू शकतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तासन् तास वेगाने जाताना हा धोका मोठा. हवा थोडी कमी असेल तर ती नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. काही गाड्यांत व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. काहींत मात्र ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्याच सेन्सरवर काम भागतं : हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतं आणि गाडीला तो फरक कळतो.

ब्रेक आणि घाट

एबीएस आता सगळ्याच नव्या गाड्यांत सक्तीचं आहे, पण ते नीट वापरणं आपल्या हाती. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. काही बिघडलं असं वाटून अनेक जण पाय सैल सोडतात. तसं करू नये. दाब कायम ठेवून स्टेअरिंग वळवता यावं, यासाठीच ती यंत्रणा आहे. ईएससी त्याच्या पुढची पायरी. स्टेअरिंग वळवलं तिकडे गाडी जात नसेल, तर ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते. चढावर गाडी मागे घसरू न देणारं हिल होल्ड घाटातल्या कोंडीत रोज कामाला येतं.

लेन सोडल्यावर इशारा देणारी यंत्रणा कॅमेऱ्याने पट्टे पाहते. एक्स्प्रेस वेवर तिचा उपयोग आहे. पट्टेच पुसलेल्या रस्त्यावर तिच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सनरूफ

सनरूफची हौस मी समजू शकतो, पण तिची किंमत पूर्ण कळायला हवी. त्याच्या चौकटीत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पाचोळा आणि धूळ साचून त्या तुंबल्या, की पावसाळ्यात पाणी गाडीत उतरतं. चालत्या गाडीत मुलांना त्यातून उभं करणं तर जिवाशी खेळ आहे. अचानक ब्रेक लागला, तर त्या मुलाला धरून ठेवणारं काहीच नसतं.

आणि बेल्ट

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरचे दोघे गेले. त्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. तरीही बेल्टचा अलार्म गप्प करणाऱ्या खोट्या क्लिपा विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले. तो अलार्म कानाला त्रास देतो, कारण त्याचं कामच ते आहे.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा गाडी उभी असताना समोर बघत राहून एसी कमी करा, वाफ घालवण्याची सोय चालू करा, आवाज कमी करा. जमलं नाही, तर चालत्या गाडीतही जमणार नाही. मग सहा एअरबॅग, ईएससी आणि टीपीएमएस सर्वांत स्वस्त कोणत्या व्हेरिएंटमध्ये मिळतात ते विचारा आणि तिथेच थांबा. वरचे पैसे हौसेचे. ते खर्च करायचे की नाही, हे घरच्यांनी मिळून ठरवावं.

पुढच्या आठवड्यात : विमा घेताना ‘झीरो डेप’ कधी घ्यावा?