कॅमेरा निवडताना : कंपनीचे नाव आणि सेन्सर

लखनौच्या बडा इमामबाड्यातील मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब असून त्याच्या छताला मध्ये एकाही खांबाचा आधार नाही. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ मध्ये बांधावयास घेतलेल्या या वास्तूतील अंधुक प्रकाशात डिजिटल कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते.

कॅनन घ्यावा, निकॉन की सोनी, असा प्रश्न ग्राहक प्रथम विचारतो. वस्तुतः प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा आकार आधी पाहावयास हवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळातील ही सुमारे तीसपट तफावत जाहिरातीतील मेगापिक्सेलच्या आकड्याने भरून निघत नाही.

त्यापेक्षा लहान, एपीएस-सी आकारातही कंपन्यांचे एकमत नाही. १८ मिलिमीटरची लेन्स निकॉन व सोनीवर फुल फ्रेमच्या २७ मिलिमीटरइतके, तर कॅननवर सुमारे २९ मिलिमीटरइतके दृश्य दाखवते. दालन एकाच छायाचित्रात बसवताना एवढा फरकही जाणवतो.

नावाला खरे महत्त्व येते ते लेन्समुळे. एका कंपनीची लेन्स सहसा दुसरीच्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही. निकॉनने तर १९५९ पासूनच्या एफ माउंटनंतर २०१८ मध्ये झेड माउंट आणला. त्यावर जुन्या लेन्स एफटीझेड अडॅप्टरने बसतात. मात्र ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही, त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. स्वस्तात मिळणारी वापरलेली लेन्स घेण्यापूर्वी, शक्य असल्यास, ती आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहावी.