हाड स्क्रू सोडत नाही तेव्हा

पायाचं हाड मोडलं, प्लेट बसवली, हाड जुळलं. वर्ष-दीड वर्षाने ती काढायची ठरते. वाटतं, त्यात काय एवढं? स्क्रू उलटे फिरवले की झालं! पण कधी कधी प्लेट बसवायला लागला नव्हता इतका वेळ काढायला लागतो. असं का?

कारण मधल्या काळात हाड स्वस्थ बसलेलं नसतं. ते प्लेटच्या कडांवर चढतं, स्क्रूंच्या आट्यांत शिरतं. सर्जनला आधी छिन्नीने ते तासावं लागतं. टायटॅनियमला तर हाड असं बिलगतं की विचारू नका! स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क 1950 च्या दशकात सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर उपकरण निघेचना. हाड त्याला चिकटून वाढलं होतं! त्याच अडचणीतून 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमवर बसवलेले दात आले.

स्क्रूच्या डोक्यातली षट्कोनी खाच झिजली, तर पाना नुसताच गरगरतो. मग येतं उलट्या आट्यांचं निमुळतं अवजार. ते डावीकडे फिरवावं तसतसं खाचेत रुततं, आणि पुरतं रुतलं की त्याच फिरकीने स्क्रू बाहेर येऊ लागतो. किती साधी युक्ती!

स्क्रू निघाले, भोकं उरली. भोकं पाडलेला कागद नेमका तिथूनच फाटतो ना? हाडावरचा ताणही भोकांच्या कडांशीच एकवटतो. त्यात पोलादी प्लेट हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ. इतके दिवस बराचसा भार प्लेटच पेलत होती आणि तिच्याखालचं हाड थोडं विरळ झालेलं असतं.

आता हाडाला कळणार कसं, की भार आपल्यावर आलाय? हाडात अब्जावधी पेशी बारीक पोकळ्यांत बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक नळ्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित दबतं, नळ्यांतला द्रव हलतो, आणि ती हालचाल या पेशींना जाणवते! त्यांचा निरोप गेला की हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात.

म्हणूनच बहुतेकांना लगेच चालायला सांगतात; धावणं, उड्या मारणं मात्र काही महिने बंद. चालल्याशिवाय हाडाला निरोप पोचत नाही, आणि उडीचा भार त्या भोकांना अजून झेपत नाही.