चाकांची दिंडी

आषाढाचे वेध लागले की पंढरीच्या वाटा बोलू लागतात. आळंदीहून ज्ञानोबारायांची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, गावोगावच्या दिंड्या त्यांना मिळतात आणि वाखरीच्या माळावर वैष्णवांचा महासागर लोटतो. परंतु गेली काही वर्षे या पालख्या अद्याप दूर वाटेवर असतानाच आमच्या पंढरपुरात एक निराळी दिंडी प्रवेश करू लागली आहे. तिच्यात टाळमृदंगाच्या जागी सायकलींच्या घंट्या असतात. हँडलला भगवी पताका, डोक्यास शिरस्त्राण, अंगात एका रंगाचे सदरे आणि मुखी मात्र तेच संबोधन : "माउली, चला !" नाशिकच्या सायकलप्रेमींचा संघ एका तपाहून अधिक काळ सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची वाट तुडवीत असा येतो. पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून आणि इतर अनेक गावांतूनही असे संघ दोनशे किलोमीटर वा त्याहून अधिक अंतर एका-दोन दिवसांत कापून येतात. काही जण येथे पोहोचल्यावर सायकलींचे रिंगणही धरतात.

त्यांना पाहून आमच्या गावातील वृद्ध मंडळी हटकून एक प्रश्न विचारतात, "महाराज, ही काय वारी म्हणायची ?" प्रश्न रास्त आहे. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरांच्या घरातले अंतर माउलींची पालखी सुमारे तीन आठवड्यांत चालते, तेव्हा तेवढीच वाट दोन दिवसांत उरकणाऱ्यास वारकरी म्हणावे की प्रवासी ? याचे उत्तर देण्यापूर्वी या चाकवाल्या दिंडीची जातकुळी थोडी तपासली पाहिजे.

प्रथम शब्द पाहू. 'सायकल' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला असला तरी त्याचे मूळ ग्रीक भाषेतील 'क्युक्लोस' या शब्दात आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की तो शब्द व आपला संस्कृत 'चक्र' हे एकाच पुरातन धातुकुळातील सहोदर होत. म्हणजे परके वाटणारे हे वाहन नावाने तरी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांतलेच निघाले. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेची धाव व्यवहारात आणून तिची बैठक सुखाची केली. वाहन एकट्याचे, पण माणसाचा स्वभाव मेळ्याचा. त्यामुळे उंच चाकाच्या जुन्या सायकलींच्या काळातच, १८७८ मध्ये, तेथे सायकलवरून सहलीला निघणाऱ्यांचा संघ स्थापन झाला होता.

फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. पुढे तिला शर्यतीपेक्षा यात्रेचे रूप आले. आज ती चार वर्षांतून एकदा होते, ९० तासांत पुरी करावयाची असते, आणि ती पुरी करणाऱ्यांत पहिला-दुसरा असा क्रम लावीत नाहीत. तिच्याच पद्धतीने आपल्या महाराष्ट्रातही २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या फेऱ्या होतात. दोनशे किलोमीटरांस साडेतेरा तासांची मुदत असते. मुदतीत आला तो उत्तीर्ण, मग तो सकाळी येवो की संध्याकाळी. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची दौड पुरी केली, तीही दोघांच्या जोडीने. एकाने चालवावे, दुसऱ्याने विसावावे, आणि दोघांमागे सेवेकऱ्यांची गाडी अहोरात्र जागी असावी. इतका मोठा पराक्रमही एकट्याच्या मांड्यांवर उभा नसतो, हे ध्यानी घ्यावे.

तथापि आम्हांला या संघांचे खरे रूप दिसते ते अशा पराक्रमांत नव्हे, तर त्यांच्या साध्या रविवारी. पहाटे साडेपाचला एखाद्या चौकात दहा-पंधरा मंडळी जमतात. त्यांत डॉक्टर असतो, रिक्षाचालक असतो, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा असतात, मुलांचे डबे करून निघालेली गृहिणी असते, आणि वडिलांची जुनी काळी सायकल घेऊन आलेला शाळकरी पोरही असतो. कचेरीत ज्याच्यापुढे उभे राहावयाचे त्याच्याच चाकाला चाक लावून येथे चालावयाचे असते. साहेबाच्या सायकलची साखळी उतरली तर शिपाई ती चढवून देतो आणि चहाच्या टपरीवर साहेब सर्वांचे पैसे देतो. आमच्या पंढरपूरच्या परिसरात असे जथे पंचवीसएक किलोमीटरांवरील मंगळवेढ्यास दामाजीपंतांच्या दर्शनास जातात, कधी मोडनिंबजवळच्या अरणला सावता महाराजांच्या समाधीपुढे टेकतात, पिठलेभाकरी खातात, आणि ऊन चढण्यापूर्वी परततात. घरातल्या चार भिंतींत दबलेली दुःखे या वाटेवर मोकळी होतात. पाय चालू असले की मन आपोआप बोलू लागते, हा पायी वारीचा अनुभव सायकलवरही खोटा ठरत नाही.

आता संघाने चालण्याचे शास्त्र पाहा. सायकलस्वाराचा मोठा वैरी चढाइतकाच वारा असतो. वेग वाढेल तसा वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट वेग केला तर अडसर चौपट होतो. पुढील स्वाराच्या मागे, त्याच्या आडोशाने जो चालतो, त्याचे श्रम चांगल्या वेगाने जाताना चौथ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक वाचतात. म्हणून जाणते संघ पुढचा माणूस आळीपाळीने बदलतात. थोडा वेळ एकाने वारा झेलावा, मग बाजूस होऊन मागे यावे आणि दुसऱ्याने पुढे व्हावे. आपले पुढचे चाक शेजाऱ्याच्या मागच्या चाकास समांतर घुसवू नये, कारण चाकांचा स्पर्श झाला की पडतो तो मागचा, आणि त्याच्यावर आणखी चौघे. पुढच्याने खड्डा दिसताच हाताने दाखवावा, खडी असेल तर ओरडावे. मागच्याने "गाडी आली !" अशी वर्दी पुढे पोहोचवावी. पुढच्याचे डोळे मागच्याच्या उपयोगी पडतात आणि मागच्याचे कान पुढच्याच्या.

वाचकहो, यातले आपल्याला काय नवीन आहे ? हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्यास जी शिस्त लावली, तिच्यात हेच आहे. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, कोणी रथापुढे कोणी रथामागे, पताका पुढे, टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, आणि वीणा. समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर गेला की लाखोंचा गजर क्षणात शांत होतो. वीणेकऱ्यास मागे टाकून टाळकरी पुढे धावत नाही. दिंडीत एकट्याने आधी पोहोचण्यास काही अर्थच नसतो.

सायकलसंघांतही एक वीणेकरी असावा लागतो. त्याला ते 'स्वीप' म्हणतात. हा सर्वांच्या मागे चालतो. त्याच्यापाशी पंप, जोडट्यूब, ठिगळे आणि मीठसाखरेचे पाणी असते. त्याच्या मागे कोणी नाही, म्हणजे कोणी राहिले नाही, असा हिशेब. पुढारी कितीही दणकट असो, संघ खरा चालतो तो या शेवटच्या माणसावर. हे पद नसले की काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठाच्या एका सायंकाळी आम्ही चंद्रभागेच्या घाटावर होतो. एका मोठ्या शहरातून आलेल्या सायकलस्वारांचा मेळा वाळवंटात आनंदाने छायाचित्रे काढीत होता. इतक्यात केळी वाहणाऱ्या एका टेम्पोतून पासष्टीचे एक गृहस्थ उतरले आणि मागाहून त्यांची सायकल उतरली. टपाल खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ त्याच संघातले. टेंभुर्णीच्या अलीकडे चाक पंक्चर झाले, जवळची जोडट्यूब सकाळीच खर्ची पडलेली, हाक पुढे ऐकू गेली नाही, फोन कोणी उचलला नाही. भरधाव वाहनांच्या कडेला ते दोन तास उभे होते. अखेर टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, भाड्याचा पैसाही घेतला नाही. त्यांना पाहून संघातला एक तरुण हसत म्हणाला, "अरे काका, तुम्ही मागे होता हे लक्षातच आलं नाही !"

त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हते, हीच दुःखाची गोष्ट. गृहस्थ आमच्याजवळ पायरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "महाराज, पाय दुखत नाहीत. पण दोन तासांत एकही सायकल उलट फिरून आली नाही. मला एस.टी. किती वाजता आहे ?" आम्ही म्हटले, "काका, एवढ्या दूर आलात, नामदेवपायरीला डोके टेकवा, मग एस.टी.चे पाहू." दर्शन झाले. त्या रात्री ते संघाच्या मुक्कामी न जाता आमच्या ओसरीवरच निजले आणि पहाटेच्या गाडीने गेले.

पुढच्या वर्षी तोच संघ आला. परंतु या खेपेस सारे स्वार वाखरीच्या तळावर थांबले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, कोणीही गावाकडे सरकेना. मग दूरवर दोन सायकली दिसल्या. पुढे दमलेली एक तरुण मुलगी होती आणि तिच्या मागे पिवळे जाकीट घातलेले आपले टपालखात्याचे काका. संघाने पुन्हा बोलावले तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : येईन, पण सर्वांच्या शेवटी चालेन. गेल्या वर्षी हसलेला तो तरुण धावत पुढे झाला आणि त्याने त्या मुलीची सायकल धरली. मग सर्वांनी एकत्र गावात प्रवेश केला.

वाऱ्याचीही एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. आषाढाच्या सुमारास आमच्याकडे पाऊस बेताचा, पण पश्चिमेचा वारा जोराचा. पुण्याकडून येणारा सायकलस्वार पूर्वेस चालतो, म्हणून बहुधा वारा त्याची पाठ राखतो. येताना प्रत्येकास वाटते की हा वेग माझाच. परतीच्या वाटेवर तोच वारा छातीवर येतो, आणि मग कळते की येताना आपल्याला कोणी तरी ढकलीत होते. एकट्याने परतणारा इंदापूरपर्यंत घायकुतीला येतो. आळीपाळीने वारा झेलणारे घरी पोहोचतात. देवाकडे जाताना उत्साह सोबतीला असतो. सोबत्याची खरी किंमत संसाराकडे तोंड फिरवल्यावर कळते.

तर मूळ प्रश्न : ही वारी म्हणावी काय ? पायी वारीची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही आणि कोणी घेऊही नये. तीन आठवडे ऊनपावसात चालणे, मातीत निजणे, परक्या दारी अन्न घेणे, यातून अहंकाराची जी झीज होते ती दोन दिवसांत होणे कठीण. परंतु ज्यांच्या मळ्यातच विठ्ठल प्रकटला अशी श्रद्धा आहे, ते सावता महाराज तर वारीलाही निघाले नव्हते, आणि अरण काही त्यामुळे तीर्थ व्हावयाचे राहिले नाही. तेव्हा साधनावरून भक्ताचे माप काढू नये. माप काढावयाचेच असेल तर मागे राहिलेल्यासाठी कोण थांबले, एवढेच पाहावे. पायी चालणारा जर सोबत्यास टाकून पुढे गेला तर तो केवळ पादचारी होय, आणि सायकलवाला जर त्याच्यासाठी उलट फिरला तर त्यास वारकरी म्हणण्यास आमची जीभ अडखळणार नाही.

या वर्षी निघणाऱ्या सर्व सायकलसंघांना आमचे हात जोडून इतकेच सांगणे. रस्ते रुंद झाले आहेत, पण त्याबरोबर वाहनांचा वेगही वाढला आहे. मागे लाल दिवा असल्याखेरीज अंधारात चाक फिरवू नका. पालखीचा मार्ग जेथे मिळेल तेथे उतरून सायकल हाती धरा, चालणाऱ्यास वाट द्या. आणि निघण्याच्या पहाटे पुढारी कोण हे ठरविण्याआधी शेवटी कोण चालणार ते ठरवा. पांडुरंग अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, असे आपण मानतो. त्याला घाई नाही. तुमचा शेवटचा माणूस येईपर्यंत तो खचित थांबेल, तुम्हीही थांबा.