आयलायनर लावा, पण डोळे जपून

आखाजीला जळगाव-धुळ्याकडे माहेरवाशिणी जमल्या की झोके बांधले जातात, नटणे-मुरडणे होते आणि एकच लायनर चार बहिणींच्या डोळ्यांवरून फिरते. डोळे येण्याचा संसर्ग अशानेही घरभर पसरतो. लायनर प्रत्येकीचे वेगळेच हवे.

पहिल्यांदा लावणारीने मऊ पेन्सिल घ्यावी. द्रव लायनरला हात सरावलेला लागतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, घटक आणि मुदत पाहावी. सुट्टा सुरमा टाळावा. त्यात शिसे असू शकते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नये.

हात धुऊन, कोपर टेबलावर टेकवून, पापणीच्या केसांच्या मुळांलगत बाहेरच्या बाजूने छोट्या रेघा जोडत जावे. आतल्या कडेवर तेलग्रंथींची तोंडे असतात. ती बुजली की डोळे कोरडे पडतात, रांजणवाडीही होते. वैशाखातल्या उन्हात घामाने लायनर ओघळले, तर डोळे चोळू नयेत. स्वच्छ ओल्या कापसाने टिपावे. झोपण्यापूर्वी ते पूर्ण काढावे. द्रव लायनर उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावे.

डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागले, तर लायनर थांबवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.